नाताळचा केक, घरचा कुत्रा आणि कपाटावरचे मांजर

बोदवड : भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बोदवड हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. शेतात कपाशीची अखेरची वेचणी सुरू असते, हरभरा फुलोऱ्यावर येतो, संध्याकाळनंतर चौकाचौकांत शेकोट्या पेटतात आणि बेकरीच्या काचेच्या कपाटात मनुका घातलेले केक मांडले जातात. खानदेशात नाताळ जवळ आल्याची खूण ती हीच. सण ख्रिस्ती कुटुंबांचा असला, तरी केक, कागदी चांदणी आणि दिव्यांच्या माळेने धर्माची वेस केव्हाच ओलांडली आहे. शाळकरी मुले असलेल्या अनेक बिगरख्रिस्ती घरांतही २५ डिसेंबरला छोटेसे झाड उभे राहते.

याच काळात घराघरांत आणखी एक बदल घडला आहे. अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा आता बैठकीच्या खोलीत आला आणि उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाळलेले मांजर पांघरुणात शिरले. घरातले सण आता या दोघांसह साजरे होतात. मुले कुत्र्याच्या गळ्यात लाल फीत बांधतात, मांजरासमोर केकचा तुकडा ठेवतात, छायाचित्रे काढतात. यात कौतुक आहे, माया आहे. आणि नेमका धोकाही तेथेच आहे. सणाच्या दिवशी पाळीव प्राण्याला इजा होते ती बहुधा दुष्टाव्यामुळे नव्हे, तर लाडाने पुढे केलेल्या घासामुळे. मोठ्या शहरात अशा वेळी रात्रीही दवाखाना गाठता येतो. तालुक्याच्या गावी, सुट्टीच्या रात्री, ती सोय गृहीत धरता येत नाही.

गव्हाणीतला सण

नाताळच्या मूळ कथेतच जनावरांचा निवारा आहे. मराठी बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला ‘गव्हाणीत’ ठेवल्याचा उल्लेख येतो. हा शब्द खानदेशातील शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. गंमत अशी, की या वृत्तान्तात बैल किंवा गाढव यांचे नावही नाही. ते दोघे पुढे परंपरेने, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील एका उल्लेखाच्या आधाराने, गोठ्यात येऊन उभे राहिले. प्राण्यांविषयीच्या प्रेमासाठी ओळखले जाणारे असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो या गावी १२२३ साली खऱ्या बैल-गाढवासह गोठ्याचा देखावा उभा केला आणि घरोघरी, चर्चमध्ये गोठा मांडण्याच्या प्रथेला तेथून बळ मिळाले. कुत्रा आणि मांजर या मूळ देखाव्यात नव्हते. नेपल्सच्या कारागिरांनी पुढे आपल्या गजबजलेल्या मातीच्या देखाव्यांत त्यांनाही जागा दिली. पट्टेरी मांजराच्या कपाळावर दिसणारी इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी खूण मरियेने गोठ्यात त्याच्या मस्तकावर हात ठेवल्याची आहे, अशी एक युरोपीय लोककथाही सांगितली जाते. लोककथाच ती, पण मांजर पाळणाऱ्यांना आवडावी अशी.

मराठी मनाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. पोळ्याला बैलाची आणि वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान असतात, खंडोबासोबत कुत्रा असतो, तर षष्ठीदेवीचे वाहन मांजर मानले जाते. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी डिसेंबर महिन्यातच येते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिथला प्रसिद्ध घोडेबाजारही याच सुमारास भरतो. २०२३ साली तर दत्तजयंती २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आली होती.

खानदेशात ख्रिस्ती समाजाची मुळे शंभराहून अधिक वर्षांची आहेत. ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकेतील संस्थेने अकोला, खामगाव, भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात काम केले, तर धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांचे केंद्र राहिले. भुसावळच्या रेल्वेने गोवा, वसई, मुंबईकडील कुटुंबेही या भागात आणली. त्यामुळे इथल्या नाताळला दोन चवी आहेत. एकीकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची मराठी भजने पेटी-तबल्यावर म्हणणारी मंडळी आणि त्यांच्या घरचा करंजी-चकलीचा फराळ. दुसरीकडे गोव्याहून आलेले नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बेबिंका यांचे ‘कुस्वार’ आणि रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा केक. पाळीव प्राण्याच्या दृष्टीने यांपैकी कोणते ताट अधिक निर्धोक, हे पाहू गेल्यास दोन्हींत खोट निघते.

केकमधली मनुका

सर्वसाधारण समज असा, की कुत्र्याला अपाय होतो तो चॉकलेटने. ते खरेच आहे. पण नाताळच्या केकमधील अधिक दगाबाज पदार्थ आहे तो मनुका. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. एखादा कुत्रा मूठभर मनुका पचवतो, तर दुसऱ्याला थोड्याशाही बाधतात. अमुक इतक्या चालतील, असे सुरक्षित प्रमाण पशुवैद्यकशास्त्र सांगू शकलेले नाही. अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ साली द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले, तेव्हा या कोड्याचा उलगडा होऊ लागला. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार या आम्लाचे प्रमाण बदलत असल्याने परिणामही कमी-अधिक होतो, असे त्यांचे म्हणणे. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, ही बाब आपल्याकडच्या स्वयंपाकघरांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मनुका खाल्ल्यानंतर काही तासांत उलट्या होतात, कुत्रा मरगळतो, खाणे सोडतो. आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होऊ लागते. लघवी कमी होण्याची वाट पाहणे म्हणजे उपचाराची उत्तम वेळ दवडणे होय. मनुका पोटात गेल्याचे कळताच, कुत्रा हुंदडत असला तरी, पशुवैद्यकाशी बोलावे.

चॉकलेटचा हिशेब त्यामानाने मांडता येतो. कोकोतील थिओब्रोमीन हे द्रव्य माणूस काही तासांत शरीराबाहेर टाकतो. कुत्र्याच्या शरीरात ते निम्मे होण्यासच सुमारे साडेसतरा तास लागतात. शरीराच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा गेली, की उलट्या, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये दर ग्रॅममागे साधारण दोन मिलिग्रॅम थिओब्रोमीन धरले, तर १०० ग्रॅमची एक वडी दहा किलोच्या कुत्र्याला आजारी पाडण्यास पुरेशी होते. काळ्या, कडू चॉकलेटमध्ये हे प्रमाण दुपटी-तिपटीचे आणि केकमध्ये घालण्याच्या कोको पावडरमध्ये त्याहूनही बरेच अधिक. आपल्याकडे घरोघरी असणारा पांढराशुभ्र पॉमेरेनियन (जातीने तो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो) वजनाने दहा किलोच्याही आतला. लॅब्रॅडॉरला जे खपते, ते त्याला खपत नाही.

रममध्ये भिजवलेल्या मनुकांत दोन विषे एकत्र येतात, हे वेगळे सांगायला नकोच. घरी केलेली वाइन, ग्लासात उरलेला घोट, पाहुण्यांनी खुर्चीखाली ठेवलेले पेले यांवरही नजर हवी. यीस्ट घालून फुगायला ठेवलेले पावाचे कच्चे पीठ ही त्याहून अनपेक्षित गोष्ट. ते कुत्र्याच्या पोटातील उबेत आणखी फुगते आणि आंबताना मद्यार्क तयार करते. मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या शुगरफ्री गोळ्या, च्युइंगगम किंवा मिठाईत झायलिटॉल नावाचा गोडवा असल्यास कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात घसरू शकते. पाकिटावरील बारीक अक्षरे एरवी कोणी वाचत नाही. घरात कुत्रा असेल तर ती वाचावीत.

भरीत, मटण आणि हाडे

कुस्वार वसई-गोव्याकडचे, तर दुपारचे जेवण खानदेशी. डिसेंबर हा भरिताचा महिना. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची भरिताची वांगी काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि त्यात कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची सढळ हाताने घालायची, हा या दिवसांतला शेता-मळ्यांतला आवडता बेत. नाताळच्या दुपारी त्याच्या जोडीला काळ्या मसाल्याचे मटण असते. उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून कुत्र्याला घालण्याची रीत तर पिढ्यान्‌पिढ्यांची.

कांदा आणि लसूण कच्चे असोत, शिजवलेले असोत वा वाळवून पूड केलेले, कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यांमुळे फुटतात. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा कुत्र्याच्या, तर अवघा पाच ग्रॅम कांदा मांजराच्या रक्तावर परिणाम घडवू शकतो. चार किलोच्या मांजराच्या बाबतीत हे झाले २० ग्रॅम, म्हणजे एका लहान कांद्याहूनही कमी. लसूण त्याहून तीव्र. फसगत होते ती यामुळे, की लक्षणे बऱ्याचदा तीन ते पाच दिवसांनी दिसतात: हिरड्या फिकट पडतात, लघवी तांबूस-तपकिरी होते, धाप लागते. तोवर नाताळचे जेवण सगळे विसरलेले असतात आणि दोष थंडीला दिला जातो. ‘आमच्या कुत्र्याने आयुष्यभर रस्सा-भाकरी खाल्ली, त्याला काही झाले नाही’ हा युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो. अधूनमधून पडलेला थोडा रस्सा निभावूनही जातो. सणाच्या दिवशी मात्र घरातील प्रत्येक जण, आणि प्रत्येक पाहुणाही, एकेक वाटी घालत असतो; त्या वाट्यांची बेरीज कोणी करत नाही.

मटणाची चरबी आणि तळलेल्या करंज्या यांमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सतत उलट्या आणि पोट दुखल्याने पाठ कमानीसारखी वाकवून उभा राहणारा कुत्रा ही त्याची खूण. शिजवलेली हाडे, त्यातही कोंबडीची, ठिसूळ होऊन टोकदार तुकड्यांत फुटतात आणि घशात वा आतड्यात रुततात. जेवणाच्या पंगतीनंतर हाडांची पिशवी दाराबाहेर ठेवली, की घरचा कुत्रा ती फाडतो आणि त्याने सोडली तर गल्लीतला. हाडे झाकणाच्या डब्यात टाकण्याची सवय दोघांच्याही हिताची आहे.

मग त्यांनी सण साजरा करायचा तरी कसा? तो अगदी साधेपणाने करता येतो. मीठ, मसाला, कांदा घालण्यापूर्वीच मटणाचे किंवा कोंबडीचे हाडाविना चार तुकडे वेगळे उकडून ठेवावेत. पाण्यात शिजवलेला भात, लाल भोपळ्याची फोड, गाजर, उकडलेले अंडे कुत्र्याला चालते. जळगाव जिल्ह्यात केळ्याला काय तोटा? केळ्याच्या दोन-तीन चकत्या हा कुत्र्याचा उत्तम ‘केक’ होऊ शकतो. मात्र गोड असल्याने तितक्याच. मांजर पक्के मांसाहारी. त्याला उकडलेल्या कोंबडीचे किंवा माशाचे काटे काढलेले तुकडे पुरेत. मांजर आणि दूध ही जोडी मराठी म्हणींनी अजरामर केली असली, तरी बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि वाटीभर दुधाची परिणती जुलाबात होते. नेहमीच्या आहारातच हा खाऊ बसवावा. वरचा खाऊ दिवसभराच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा, हा पशुवैद्यकांचा सर्वमान्य ठोकताळा आहे. पाहुणे आल्याबरोबर ‘याला ताटातले काही घालू नका’ असे यजमानाने मोकळेपणी सांगावे आणि मुलांच्या हाती उकडलेल्या तुकड्यांची वाटी द्यावी. भरवण्याची हौस त्यांनाही असतेच.

झाड कोणासाठी?

कुत्र्याला ताट, तर मांजराला झाड. घरात उभे केलेले ख्रिसमस ट्री मांजराच्या दृष्टीने चढण्यासाठीच आणलेले असते, त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे कुंडीतील ऑरोकेरिया, सुरूची फांदी किंवा प्लास्टिकचे झाड वापरले जाते. त्यांचा विषारीपणाचा धोका फारसा नाही. झाड अंगावर कोसळण्याचा आहे. जड बुंध्याची कुंडी घ्यावी, शेंडा दोरीने खिडकीच्या गजाला बांधावा आणि काचेचे गोळे वरच्या फांद्यांवर, तर कापडाचे वा लाकडाचे खालच्या फांद्यांवर लावावेत. वर्षभर ट्रंकेत राहिलेल्या सजावटीत डांबरगोळ्या ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. या गोळ्या दोन्ही प्राण्यांना विषारी असल्याने ट्रंक उघडतानाच त्या मोजून बाजूला काढाव्यात.

मांजराचा खरा वैरी म्हणजे चकचकीत चंदेरी झिरमिळ्या. त्यांच्याशी खेळता खेळता मांजर त्या गिळते. जिभेवरील काटे आतल्या बाजूला वळलेले असल्याने एकदा तोंडात गेलेला दोरा त्याला सहजी थुंकता येत नाही. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते, दुसरे आतड्यात पुढे सरकते आणि आतडे चुण्या पडल्यागत गोळा होते. प्रसंगी कापले जाते. शस्त्रक्रियेवाचून त्यावर बहुधा इलाज नसतो. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो कदापि ओढू नये. भेटवस्तूंच्या फिती, राखीचे दोरे, मांजा यांनाही हाच नियम लागू. घरात मांजर असेल तर झिरमिळ्या लावूच नयेत, इतके स्पष्ट सांगणे भाग आहे.

फुलांच्या बाबतीत लोकांची भीती अस्थानी असते. लाल पानांच्या पॉइन्सेटियाचा बोलबाला मोठा, विष थोडे: त्याच्या चिकाने तोंडाला जळजळ होते, लाळ गळते, क्वचित उलटी होते, इतकेच. उलट पुष्पगुच्छात ऐटीत मिरवणारी लिली मांजराच्या जिवावर उठते. लिलीचे पान, पाकळी, फुलदाणीतील पाणी, इतकेच काय, अंगावर पडून चाटले गेलेले परागकणही मांजराचे मूत्रपिंड दोन-तीन दिवसांत बंद पाडू शकतात. पाहुण्यांनी आणलेल्या गुच्छात लिली असेल तर आभार मानून ती शेजारी द्यावी. अर्थात शेजारी मांजर नाही ना, हे पाहून.

दिव्यांच्या माळा कुत्र्याची पिल्ले चावतात. घरात कोणी नसताना प्लग काढून ठेवावा आणि वायर भिंतीला चिकटवावी. मेणबत्त्या उंचावर, काचेच्या चिमणीत हव्यात. लांब केसांच्या पर्शियन मांजराची शेपटी ज्योतीवरून केव्हा फिरते, ते कळतही नाही. गाणारी शुभेच्छापत्रे आणि बॅटरीवरचे दिवे यांतील बटणाएवढा सेल गिळला गेल्यास अन्ननलिका काही तासांत भाजून निघते. हा धोका लहान मुलांनाही तितकाच असल्याने त्याचा बंदोबस्त सर्वांआधी व्हावा.

मध्यरात्रीची उपासना, फटाके आणि पाहुणे

माणसाला २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ आणि मांजराला सुमारे ६४ पर्यंतचा. दिवाळीतून उरलेल्या फटाक्यांची लड आणि ध्वनिवर्धकाच्या भिंती त्यांच्या कानांना काय वाटत असतील, याची त्यावरून कल्पना यावी. ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई असली, तरी सणांच्या ठरावीक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. म्हणून तयारी घरातच करावी लागते.

२४ डिसेंबरच्या रात्री कुटुंब उपासनेला जाते. त्यापूर्वी कुत्र्याला संध्याकाळीच दूर फिरवून आणावे, खाऊ घालावे आणि रस्त्यापासून आतल्या खोलीत, खिडक्या-पडदे लावून, त्याचे नेहमीचे अंथरूण टाकून ठेवावे. पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज बाहेरचा आवाज झाकतो. भ्यायलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. जवळ घेतल्यास हरकत नाही, ओरडू मात्र नये. जळगाव उन्हाळ्याच्या तापमानासाठी देशभर प्रसिद्ध असले, तरी डिसेंबरच्या रात्री पारा कधीकधी दहा अंशांखाली उतरतो. अंगणात झोपणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला आणि पिल्लांना त्या रात्री पोत्यावर पांघरूण आणि वाऱ्याला आडोसा मिळावा.

घरात माणसांची वर्दळ वाढली, की मांजर कपाटावर जाऊन बसते. ते त्याला तिथेच बसू द्यावे. त्याची वाटी, पाणी आणि मातीचा ट्रे त्या दिवसापुरता एका बंद खोलीत हलवावा. ‘हा काही करत नाही’ असे सांगून पाहुण्यांच्या मुलांना कुत्र्याला मिठी मारायला लावणे हा सणांतला सर्वांत मोठा अविचार. खात असलेल्या, झोपलेल्या किंवा कोपऱ्यात अडकलेल्या कुत्र्याजवळ मुलांनी जाऊ नये. सांताक्लॉजचा पोशाख केलेला माणूस घरच्याच कुत्र्याला अनोळखी आणि भीतिदायक वाटू शकतो. त्यातूनही चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजप्रतिबंधक लशीविषयी विचारावे. कुत्र्याचे वार्षिक लसीकरण झालेले असले तरी हे टाळू नये. दार सतत उघडे राहत असल्याने कुत्रे-मांजर निसटण्याचे प्रकारही याच दिवशी घडतात. गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहायला दोन मिनिटे पुरतात.

मदत किती दूर?

शासनाचे तालुका पातळीवरील पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्यासाठी उभे राहिले. तिथले डॉक्टर कुत्र्या-मांजरांवर उपचार करतात. पण २५ डिसेंबर हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस. मुंबईत परळला बाई साकरबाई पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि २०२४ साली महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे खास लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. बोदवडकरांसाठी त्याच लोहमार्गावर पूर्वेला अकोल्यात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर संस्था आहे. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा निःशुल्क क्रमांक आहे, मात्र ही सेवा मुख्यत्वे पशुधनासाठी आहे. या परिस्थितीत २३ तारखेलाच करण्याजोगे काम एकच: गावातील पशुवैद्यक सुट्टीत उपलब्ध आहेत का, नसल्यास भुसावळ, मलकापूर किंवा जळगावला कोण आहेत, हे विचारून क्रमांक भिंतीवर लावून ठेवणे.

प्राण्याने नको ते खाल्ले, तर काय खाल्ले, किती आणि केव्हा हे लिहून घ्यावे. वेष्टन सोबत न्यावे. प्राण्याचे वजन माहीत असल्यास दूरध्वनीवरूनही डॉक्टरला अंदाज बांधता येतो. मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय घातक आहे, कारण त्याने रक्तातील क्षार धोकादायक पातळीपर्यंत वाढतात. तूप, दूध, ताक पाजून विष ‘मारण्याचा’ प्रयत्नही करू नये. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देणे म्हणजे त्याचा जीव घेणे. अर्धी गोळीही पुरेशी ठरते.

नाताळची भेट म्हणून पिल्लू आणण्याची प्रथा शहरांतून गावांकडे येत आहे. ब्रिटनमध्ये अशी पिल्ले सण सरताच रस्त्यावर सोडली जाऊ लागल्याने तेथील श्वानरक्षक संस्थेने १९७८ साली त्याविरुद्ध मोहीम उघडली. कुत्रा सणापुरता नसून जन्माचा असतो, हा तिचा आशय होता. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. वय विचारावे, लसीकरणाची नोंदवही मागावी. त्याहून बरे म्हणजे पिल्लू घरी आणण्याचा निर्णय सण उरकून, पाहुणे गेल्यावर, शांतपणे घ्यावा. गल्लीत थंडीने कुडकुडणारे गावठी पिल्लू त्या वेळीही असतेच, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात टिकाव धरण्यात त्याची बरोबरी हस्की करू शकत नाही.

६ जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर, झाड उतरवले जाते. त्या दिवशी जमीन झाडताना फांद्यांवरच्या झिरमिळ्या, फिती आणि तारेचे आकडे मोजून पाहावेत. काही कमी भरले आणि त्या आठवड्यात मांजर वारंवार ओकत असेल, खात नसेल किंवा त्याला शौचाला होत नसेल, तर ‘केस गिळले असतील’ म्हणून थांबू नये; त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे आणि काय हरवले आहे, ते सांगावे.